रकाना क्रमांक अकरा

वाळूज, के सेक्टर. शेडमागं बाभूळ,
पुढं आमचं ऑफिस : दोन टेबलं, एक कूलर,
आणि माझ्या कागदांवर बेचाळीस ग्रॅमची एक कडी.
ॲल्युमिनियमची. आतून आटे, बाहेरून आरसा.
मोईनभाईंनी मशीनवर उतरवलेली,
एका मायक्रॉननं हुकली म्हणून नापास,
म्हणून माझ्याकडं. पंख्यानं कागद उडतात.

तिच्या पास झालेल्या पाचशे बहिणी
खोक्यांत बसून आहेत अडीच महिने.

मी इथली कागदवाली.
माल कुठून आला, कुठं जायलाय,
कोण घेणार, कशाला,
सगळं माझ्या बोटांखालून जातं.
कडी कशात बसते ते ड्रॉइंगवर नाही.
ड्रॉइंगवर फक्त कडी आहे.

पहिला अर्ज दिल्लीला, व्यापारवाल्यांकडं.
उत्तर आलं : सदर वस्तू युद्धसामग्री असल्यास
संरक्षण विभागाकडे अर्ज करावा.
तिकडं केला. ते म्हणाले :
सदर वस्तू दुहेरी वापराची असल्यास
विषय या विभागाच्या अखत्यारीत येत नाही.
असल्यास. असल्यास.
मी दोन्ही पत्रं शेजारी ठेवली,
पंगतीच्या तोंडाशी उभे दोन व्याही जसे,
आधी तुम्ही बसा, छे छे, आधी तुम्ही,
आणि तिकडं पानात भात निवायलाय.

माळीवाड्याच्या डेपोत कस्टमचे सोळुंके साहेब.
ते चहा पाजतात, मग सांगतात,
“ताई, आम्ही कागद बघतो. कागद असला की माल जातो.
माल बघायला वरचे आहेत.”
वरचे म्हणतात, अर्जदाराने खात्री करावी.

अर्जदार म्हणजे बिडवेअप्पा,
आणि अप्पा लातूरला, भाचीच्या साखरपुड्याला.
फोनवर मागं सनई :
“नागरी वापर टाक की गं. एवढी एवढीशी तर कडी.”
एवढी एवढीशी. खरंय.
वरून सुटलेली जबाबदारी
एकेका टेबलावर सही ठेवत, वजन टाकत
माझ्यापर्यंत आली तेव्हा
तीही साधारण बेचाळीस ग्रॅमच उरली होती.

रकाना क्रमांक अकरा : अंतिम वापरकर्ता.

घेणाऱ्याच्या पहिल्या मेलात होतं, फवारणीचं यंत्र.
दुसऱ्यात, मोजणीचं यंत्र.
तिसऱ्यात नुसतंच, उपकरण.
पत्ता, बंदराजवळची इमारत, तिसरा मजला, खोली चौदा.
खोलीत कोण कशावर फवारतं?

नियमाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत आहे :
निर्यातदारास माहीत असल्यास,
किंवा माहीत असण्यास कारण असल्यास.
पहिलं वाक्य मी सोडून देऊ शकते.
मला माहीत नाही. गंगापूरच्या शाळेत, कॉलेजात,
इथल्या अकरा वर्षांत मला कुणी सांगितलेलं नाही.
दुसरं सुटत नाही.
तीन मेल हे कारण आहे का?
खोली चौदा हे कारण आहे का?
मला हे विचारावंसं वाटतंय, हेच कारण आहे का?

मोईनभाई दारात, हाताला कूलंटचा वास.
“मॅडम, अपनी कडी कायकू अटकी?”
मी विचारलं, तुमच्यात सूट किती असते?
“पाच मायक्रॉन.”
आणि त्याच्यापुढं?
ते हसले. टेबलावरच्या कडीकडं बोट केलं.
“उसके आगे भंगार. नहीं तो आपका पेपरवेट.”

माझ्याकडच्या सुटी तीन पानं आहेत,
पोटकलमं धरून.

संगणकावर रकान्यात तीनच पर्याय :
नागरी, सैनिकी, इतर.
‘माहीत नाही’ टाइप केलं
तर लाल अक्षरांत येतं, वैध उत्तर भरा.
मी ते दोनदा भरून पाहिलं.
मग घेणाऱ्याला चौथं पत्र लिहिलं,
पहिल्यांदाच अप्पांना न दाखवता :
हे कशात बसवणार आहात? ते कोण वापरणार?
आणि खाली माझं नाव. पूर्ण. रेणुका भानुदास काळदाते.

उत्तर नाही अजून.
फाटकावर ट्रक लागलाय, ड्रायव्हर हॉर्न देतोय.
सनई थांबली असावी, अप्पांचे चार मिस्ड कॉल.
मी खोकी मोजायलीय,
मघाशी मोजली होती तरी.